उपाशीपोटी

सकाळी सहाला अंगणवाडी उघडते.
वीतभर उंचीच्या खुर्च्या, त्यांच्यावर
हिवरधऱ्याचे मधुमेही बसतात गुडघे छातीशी घेऊन.
रात्रीपासून पोटात काही नाही, चहासुद्धा नाही,
आणि त्या चहापायी सगळ्यांचा राग माझ्यावर.
भिंतीवर अ अननसाचा, ब बदकाचा.
माझ्या दोन डब्यांवरही तेवढंच लिहिलंय.

एकात गुडमारचा पाला, सावलीत वाळवून दळलेला.
दुसऱ्यात ज्वारीच्या कडब्याचा भुगा, तसाच हिरवा केलेला.
कोणता कशात, मला माहीत नाही.
ते लिहिलेलं पाकीट वर्ध्याच्या कॉलेजात, लाखेखाली,
आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे
ते देशकर सर इकडे कधी येत नाहीत.

वेल दाखवली जंगू टेकामनं,
टेकडीमागे, हिवराच्या खोडावर चढलेली.
तोडायच्या आधी तिच्याशी काहीतरी बोलला.
ते मी वहीत लिहिलं नाही, विचारलंही नाही.
वीस वर्षं हाच पाला देत आलाय तो,
"मुताले मुंग्या लागते" म्हणत येणाऱ्या कोणालाही.
एक दिवस त्याच्याही लागल्या.
म्हणून तो क्रमांक सोळा.
डॉक्टरच्या गोळ्या चालूच, वर आमची कॅप्सूल,
आणि कागदावर अंगठा नाही, सही. एक मात्रा विसरलेली.

टोचायला बोट मागितलं की डावा हात देतो.
"उजव्याची हे तीन बोटं नको, बाई.
त्याईनं मी नाडी पायतो."

पाचव्या आठवड्यात अंजना भोयरनं कॅप्सूल फोडली,
भुकटी जिभेवर चोळली, वर गुळाचा खडा.
"माती! अवो, निरी माती लागते!"
दुपारपर्यंत गावभर गूळ फुटत होता.
ज्यांना माती लागली ते ओट्यावर बसून हसले,
ज्यांचा गोडच राहिला ते माझ्या दारात.
"आमाले काहून कडबा? आमी का बैल हाओ?"
(संमतीपत्र मीच वाचून दाखवलं होतं, कडब्यासकट.)
मी फॉर्म भरला. नियमभंग. कारण: गूळ.
देशकर सर फोनवर बराच वेळ गप्प होते.

सोळा नंबरचा गूळ गोड होता.

त्याच्या अंगणापासून वेल दोनशे पावलांवर.
आठव्या आठवड्यात २१२, नवव्यात २३८.
"पाला खाल्ला का मधात, जंगूकाका?"
मला विचारावंच लागतं, रकाना आहे तसा.
"नाई. सही केली न."
मग कापूस फेकून देताना, दाराशी थांबून:
"मले बी पायचं हाय, बाई.
पान रगतातली साखर मारते, का निरी जीभ फसवते.
माया बापानं नाई पायलं.
लोकं सांगे, बरं वाटून रायलं,
आमी कोंबडी घेत होतो."

त्या रात्री मीही एक पान चघळलं.
डब्यातली बर्फी, भाचीच्या बारशाची,
दाताखाली ओल्या खडूसारखी.
तासाभरानं गोडी परत आली, न बोलावता.
एवढ्यानं जे कळलं ते जिभेबद्दल.
रक्ताबद्दल काहीच नाही.

आज शेवटचं रक्त.
बर्फाच्या पेटीत नळ्या, वर्ध्याची गाडी नऊला.
कापूस दाबून धरा, म्हणते,
तर तो उजव्या हाताची तीन बोटं
माझ्या मनगटावर ठेवतो,
त्या बुटक्या खुर्चीवर, डोळे मिटून.
मागची रांग चहा विसरून थांबते.
"झोप नाई झाली तुयी. पोट बी रिकामं."
याला फॉर्मवर रकाना नाही.
हात सोडवून घ्यायला थोडा वेळ लागतो मला.
मग म्हणते, सतरा.