झोल

नवतप्याचा तिसरा दिवस. सदरच्या दुकानात
कूलर ओल्या वाळ्याचा वास फेकतोय
आणि शांतवनकाका काचेवर पाकिटं मांडतात
पत्त्यांच्या डावासारखी.

"नऊ नंबर घे बाई. आजकाल सगळे हेच घेऊन राहिले.
बोटाले कळतच नाही, खाली तार आहे म्हणून."

मला कळायला हवीय, काका.

बाबांची गिटार मी चादरीत गुंडाळून आणली.
पाचपावलीच्या मेलडी पार्टीत अकरा वर्षं वाजली,
लग्नं, हळदी, चौदा एप्रिलच्या रात्री,
मग तीस वर्षं कपाटावर आडवी.
शेवटच्या तारा कालपर्यंत तिच्यावरच होत्या.
तपकिरी, खरखरीत. सोडवल्या
तर पाचवी आपसूक वेटोळं करून बसली
आणि हातांना जुन्या नाण्यांचा वास लागला.

तो आवाज हवाय.
स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटतो, तो नाही.
भरलेल्या माठावर टिचकी मारावी तसा,
थोडा बाहेर येतो,
बाकीचा आत राहतो.

काका मुलाम्याची तार चढवतात.
फार हसते ही, मी म्हणते.
मग सपाट गुंडाळीची. तेल लावल्यासारखं बोट सरकतं,
पण ओरखडा नाही.
बाबांच्या दोन सुरांमध्ये ओरखडा ऐकू यायचा,
कोणी चप्पल ओढत घरात यावं तसा.
मग शुद्ध निकेल, गोल गुंडाळी, दहा नंबर.
जवळ आलं.
दोन गल्ल्या अलीकडे थांबलं.

तेव्हा काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
नटाची खाच नखानं चाचपली.
"हे पाह्य. तिसरीची खाच.
साधी तार हिच्यात खुळखुळते.
तुझा बाप तिसरीही गुंडाळीचीच लावे. बारा नंबर."

माझी बोटं नकळत मुडपली.

बाबा लाइनमन. दिवसभर खांबावर
अंगठ्याएवढी तार ओढणाऱ्या माणसाला
बारा नंबर म्हणजे शिवणीचा दोरा.
म्हणायचे, ताठ बांधली की थंडीत खांब वाकवते.
झोल ठेवावा.
आम्ही पोरं हसायचो, कारण झोल म्हणजे आमच्याकडे लबाडी.
ते म्हणायचे, झोल म्हणजे
तारेची किरकोळ रजा.

बारा नंबर चढली. खुंटी पिळता पिळता
गिटारीची मान कुरकुरली.
"बस. अर्धा सूर खालीच ठेव," काका म्हणाले,
"एवढ्या जाडीले पुरा ताण दिला
तर लाकूड धनुष्य होते."

अर्धा सूर खाली.

घरी एक कॅसेट आहे, कामठीच्या लग्नातली.
कॉलेजात मैत्रिणीची गिटार आणून
बाबांच्या वहीतले कॉर्ड मी तिच्याबरोबर वाजवायचे.
कधीच जुळले नाहीत.
वाटायचं, टेपचे सेल उतरले,
म्हणून आवाज खाली बसतो.
दर वेळी नवे सेल आणले.
बाबा बघायचे, काही बोलायचे नाहीत.

सेल ठीक होते.

काकांनी टोकं छाटायला पक्कड उचलली.
राहू द्या, म्हटलं.
त्यांच्या गिटारीच्या डोक्यावर
न कापलेल्या तारा मिशांसारख्या हलायच्या.
त्यातल्या एकीनं माझ्या भुवईवर काढलेली रेघ
अजून आहे. काकांनी ती वाकून पाहिली
आणि पक्कड खणात टाकली.

बाहेर सेहेचाळीस. चौकातली तार
रसवंतीच्या ताडपत्रीपर्यंत लोंबलेली.
डावं मधलं बोट सोललंय.
"घरी जाईस्तोवर उतरेल ती," काका मागून ओरडले,
"नव्या तारा उतरतातच!"

उतरू दे.