शेरा

पावण्याच्या आमच्या कंपनीत भट्टी वाचत नाही.
वाचतो मी. काट्यावरचा आकडा, गाडीचा नंबर,
माती किती, ओल किती, लोखंड किती.
रजिस्टरचा शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो बहुतेक कोराच असतो.

गाडी खाली होते तेव्हा आधी आवाज येतो,
सगळ्या गावाची ताटं एकदम मांडावीत तसा.
मग दिसतात खिडक्यांच्या पट्ट्या, पंख्यांची पाती,
शिट्टी हरवलेले कुकर, चेपलेले बिअरचे डबे,
एक नंबरप्लेट, एमएच त्रेचाळीस,
आणि जर्मलची पातेली.
बिलात आम्ही ॲल्युमिनियम लिहितो.
तोंडात जर्मलच येतं.

पारूबाई गायसमुद्रे तुर्भे स्टोअरवरून चालत येते.
कमरेला सुतळी, सुतळीला चुंबक.
चिकटलं ते परकं, न चिकटलं ते आपलं.
वेफर्सचं पाकीट आतून कितीही चमको,
ती मुठीत चुरगाळते, मूठ उघडते.
पाकीट पुन्हा फुलतं.
“सोंगाडी आहे. चांदी नुसती वरवर.”

कुकरची रिंग काढते, दांड्याचा स्क्रू काढते,
डबा कानाशी नेऊन हलवते.
आत घोटभर पाणी राहिलं तरी भट्टी उसळते.
रामनिहोरच्या कोपरावरची गुळगुळीत कातडी
आम्ही सगळ्यांनीच पाहिली आहे.
तो म्हणतो, लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी.
हे वितळलं तरी चंदेरीच. थंड दिसतं.

गेल्या महिन्यात तिने एक पातेलं
माझ्या टेबलावर आणून ठेवलं.
“काय नाव घातलंय?”
काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी:
चि. सौ. कां. शकुंतला हिस थोरल्या मामाकडून. १९-५-७९.
पुढे गावही होतं, पण तिथेच पोचा आलेला.
मी वाचलं. ती म्हणाली, परत वाच.
मी परत वाचलं.
“भोक पडेस्तोवर वापरलं की बाईनं.”
पातेलं उजेडाकडे धरून
तिने भोकातून पारसिकचा डोंगर पाहिला
की नुसतंच आभाळ, मला माहीत नाही.

घेऊन जा, म्हटलं. सहाशे चाळीस ग्रॅम. मी कमी लिहीन.
ती हसली.
“आणि काय शिजवू त्यात, वारा?
घरात ठेवलं तर भंगार. इथं टाकलं तर माल.”

ऑफिसच्या भिंतीवर हिरव्या अक्षरांत फलक आहे:
मातीतून नवं काढायला लागते जेवढी वीज,
तिच्या विसाव्या हिश्शात जुनं पुन्हा उभं राहतं.
खाली लिहिलंय, कुठलासा डोंगर तेवढाच कमी खणला जातो.
पारूबाईला फलक वाचता येत नाही.
तुर्भ्याच्या खाणीवर वीस वर्षं खडी फोडलेल्या बाईला
डोंगर कमी खणला जाणं म्हणजे काय
हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

दुपारी सव्वातीन, चौथा घाणा.
पातेलं तिने स्वतः रामनिहोरच्या हातात दिलं.
आधी नाव गेलं की आधी तळ, दिसलं नाही.
वर मळी आली. त्याने ती झाऱ्याने बाजूला ओढली.
खाली आरसा होता, पण त्यात
कुणी डोकावत नाही.

मग आठवड्याने पुण्याहून तपासनीस आले,
हिरव्या सर्टिफिकेटसाठी.
“कच्च्या मालाचा उगम?”
मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं.
घाणा चार. शेरा: शकुंतला, थोरल्या मामाकडून.
“हे काय?”
“उगम.”
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिलं,
चहा संपवला,
आणि त्यांच्या फॉर्मात लिहिलं: घरगुती.

लगडी चाकणला गेल्या.
कुणाच्या स्कूटरच्या इंजिनात असतील आता,
कुणी चावी फिरवत असेल.

बाहेर हॉर्न वाजतोय. नवी गाडी.
पारूबाई सुतळीची गाठ घट्ट करते,
ताडपत्रीखाली हात घालते आणि तिथूनच ओरडते,
“ओल आहे रे! आधी वाळत घाला.”