फरक

मार्चच्या एकतीस तारखेला, दुपारी तीनला,
बँकेचा मेसेज आला : नऊ लाख बेचाळीस हजार.
मी तेव्हा फैजपूरच्या गच्चीवर
उडदाचे पापड उलटत होते.

आमच्या खात्यात थकलेल्या पगाराला फरक म्हणतात.
फरक निघाला का, फरक कुठे अडकला,
दोन हजार नऊपासून विचारता विचारता
मी निवृत्तसुद्धा झाले.
सेवापुस्तक नाशिकच्या पडताळणीतून तीनदा परत आलं.
एकदा सही नाही, एकदा शिक्का पुसट,
एकदा नुसतंच.

मीही चौतीस वर्षं हेच विचारत आले ना,
पारोळ्याच्या ओपीडीत, स्टेथोस्कोप कानात :
गोळ्यांनी काही फरक?
"थोडासा पडना, ताई."

जुलैत भुसावळला गेले, झंवर वकिलांकडे.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
पेन्शन साडेसात लाखांचं, त्यावर हे येऊन बसलं,
सगळं एकाच वर्षाचं उत्पन्न धरतात,
तुम्ही तीस टक्क्यांच्या पायरीवर चढलात डॉक्टरीणबाई.
माझ्या गुडघ्यांनी पायऱ्या केव्हाच सोडल्यात.

दोन लाख चौसष्ट हजार, जास्तीचे.

सवलत आहे म्हणाले. दहा-ई नावाचा फॉर्म.
प्रत्येक रुपया ज्याच्या त्याच्या वर्षात
परत नेऊन बसवायचा.

घरी येऊन ट्रंक उघडली.

२००९-१०. धडगाव. एकसष्ट हजार सहाशे.
जीपला डिझेल नव्हतं,
बाई आली बांबूला टांगलेल्या झोळीतून,
मुलगी पायाळू. दोघी वाचल्या.

२०१२-१३. पाल. सत्त्याण्णव हजार.
सुपडू कंपाउंडरनं लेकीच्या फीसाठी चार हजार मागितले.
नाहीत म्हटलं मी.
होते. यांच्या अँजिओग्राफीसाठी बाजूला ठेवलेले.

२०१५-१६. एक लाख आठ हजार.
ऑपरेशन जळगावला करायचं की मुंबईला,
रात्रभर दोघं पाठीला पाठ लावून हिशेब करत होतो.
जळगावला केलं.
आकडा लिहिला आणि पेन बराच वेळ तसंच धरून बसले.

पुढच्या वर्षांचे नुसते आकडे भरले.

नोव्हेंबरात नोटीस आली.
रिटर्न आधी गेलं, फॉर्म दोन दिवसांनी.
सवलत नामंजूर. भरा, व्याजासकट,
महिन्याला एक टक्का.
झंवरांना विचारलं, आणि सरकारनं चौदा वर्षं लावली,
त्याचं मला किती?
ते हसतील असं वाटलं होतं.
त्यांनी पंख्याचं बटण एका आकड्यानं कमी केलं, बोलले नाहीत.
खाली स्टेशनात कुठलीशी मालगाडी
किती तरी वेळ सरकत होती.

अपील करू, ते म्हणाले. चूक आमच्या गोकुळची,
त्या आठवड्यात तापानं घरी होता पोरगा.

गोकुळ कोपऱ्यात, प्रिंटरशी.
शर्ट खांद्यावरून ओघळणारा, कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल असा.
खोकला, रुमालात, तोंड फिरवून.
पुन्हा खोकला.

किती दिवसांपासून?
"आखाजीपासून, मॅडम. पण आता फरक आहे."

इकडे ये म्हटलं. खिडकीपाशी. शर्ट वर कर.
श्वास घे. सोड. पुन्हा घे.

नोटिशीची झेरॉक्स उलटी करून तिच्या पाठीवर लिहिलं :
थुंकी, दोन नमुने. छातीचा एक्स-रे.
खाली तारीख घातली,
आजची.