शेऱ्याचा रकाना

बडोद्याच्या टी.पी. स्कीमच्या नकाशात
विश्वामित्रीची कोतरं म्हणजे
माझ्या बोटाएवढी हिरवी पट्टी.
तीन वेळा रंगवली मी,
तीन वेळा ब्लेडनं खरवडली.
साहेब म्हणाले, जरा बारीक करा.
कागद तिथं इतका विरला
की खालचं टेबल दिसायला लागलं.

जागा बघायला गेले तेव्हा
खुंटी ठोकणारा रणछोड ओरडला, बेन, मागे!
मगर होती. अंड्यांवर.
आमच्या टेपच्या बरोब्बर चाळीसाव्या मीटरवर.
हलली नाही.
माझ्याकडे बघत होती की नदीकडे,
सांगता येत नाही.

ऑफिसात परत आले.
त्याच विरलेल्या कागदावर
चौथ्यांदा रंगवली, पहिल्याइतकी रुंद.
शेऱ्यात काय लिहायचं?
‘जागेवर कब्जेदार आहे’ लिहिलं
आणि सहीला ठेवलं.

खोटं नाही ना ते?