नाबुलचं संत्रं

हमामात वाफ इतकी, की चेहरे पुसले जातात.
मब्रूका तीस वर्षं इथे बायकांच्या पाठी घासते,
हल्ली बादलीशेजारी एक संत्रं ठेवते.

"गाठच शोधत बसू नका गं.
माझ्या वसीलाला गाठ नव्हतीच.
एक बाजू लाल, तापलेली, जड,
आणि कातडी, हात लावून बघ,
या सालीसारखी,
बारीक बारीक खड्ड्यांची.
मलम दिलं होतं.
तीन आठवडे चोळलं.
मीच चोळलं."

कुणी हसतं.
कुणी पंचा वर ओढून घेतं.
कोपऱ्यातली नवी सून मात्र
संत्रं खाली ठेवत नाही.

मब्रूका तिच्याजवळ टेकते.
"कधीपासून?"
"ईद झाल्यापासून."
"ऊठ. दवाखाना चारपर्यंत उघडा असतो.
केस ओलेच असू देत."