जामीन

आज शुक्रवार, म्हणजे आमचा रविवार.
अहमदीच्या चर्चमागची खोली नंबर सहा
दोन ते साडेतीन मराठीची.
आधी तमिळ मंडळी, नंतर इथिओपियाच्या बायका,
पांढऱ्या ओढण्या घेऊन भिंतीच्या सावलीला थांबलेल्या.
आम्ही अकरा माणसं. पेटी कोपऱ्यात बंद.
पेटी शांतवन वाजवायचा.

प्रभू, तो कुठं आहे ते तुला ठाऊक आहे,
तरी सांगते. सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय
मला प्रार्थना येत नाही.

त्यानं सही केली. दुसऱ्याच्या कर्जाखाली,
चहा पिता पिता, बँकेच्याच पेनानं.
"अगं, विल्फ्रेडला इथं आपलं असं कोण आहे?"
विल्फ्रेड एका रात्री विमानात बसला.
कागद मागे राहिला. कागदावर आमचं आडनाव.

आता काचेपलीकडे शांतवन, अलीकडे मी,
आखूड तारेचा काळा फोन,
दहा मिनिटं.
त्यातली सहा तो शलाकाच्या गणिताबद्दल विचारतो.

शलाकाचा इकामा जानेवारीत संपला.
रोजचे दोन दिनार दंड.
मी झोपले तरी दोन, उपास केला तरी दोन.
तुझ्यापुढे डोळे मिटले की आकडे दिसतात.
गुडघे टेकून स्तोत्र म्हणायला जाते
आणि आमेनच्या जागी तोंडातून निघतं,
चारशे बारा.

कोर्टातला कारकून म्हणतो, बुकरा.
कंपनीचा मंदूब म्हणतो, बुकरा.
दूतावासातला आपल्या साताऱ्याकडचा माणूस
तेच मराठीत म्हणतो, "उद्या बघू, ताई."
या देशात मी शिकलेला हा पहिला शब्द,
पुढचा धडा आलाच नाही.

परवा फहाहीलवर तौझ आला.
दुपारी चारला दिवे लावले. रिफायनरीची ज्योत
एरवी रात्रभर भिंतीवर हलते, तीही गडप.
फटींत ओले टॉवेल कोंबले,
तरी खबूस दाताखाली कचकचला,
शास्त्राच्या पानापानांत पिवळी भुकटी.
तेव्हा मी तुझ्यावर ओरडले.
पोर उठेल म्हणून उशीत तोंड खुपसून ओरडले.

उशीवरून आठवलं.
तूही नावेत उशाला घेऊन झोपला होतास,
बाकीच्यांच्या नाकातोंडात पाणी.
तेही ओरडलेच होते की!
तू आधी त्यांना बोललास, की आधी उठलास?
दोघे लिहिणारे दोन तऱ्हांनी सांगतात.
मी धरून चाललेय, आधी उठलास.

मग गप्प बसले. बराच वेळ.
एसीचं पाणी बादलीत टप टप पडत होतं,
तेवढंच ऐकत.
शांतवनची मला जी चीड येते, ती खरं तर
तुझीही यायला हवी.
तूही जामीन राहिलास,
पळून जाणाऱ्यांचा, काही चौकशी न करता.
तुझ्या आईनंही एक अख्खा शनिवार काढला असेल,
ज्यात काहीच घडत नाही,
शेजारणी येऊन बसतात, उठून जातात.

एस्तेरमावशी म्हणते, सुटका माग, ठासून माग.
मागते ना. रोज मागते.
पण आज पहाटे बाहेर पाहिलं तर
हारिसनं माझ्या उंबऱ्यावरची वाळू लोटून ठेवलेली,
भाड्याची चिठ्ठी खिशातच.
मी बादलीतलं पाणी
निडोच्या डब्यातल्या कढीपत्त्याला घातलं.
धुळीखाली तो हिरवाच होता.
याला उत्तर म्हणायचं की नाही
हे मला विचारू नकोस.

साडेतीन झाले. दाराशी पांढऱ्या ओढण्या.
पेटीवरची वाळू मी पदरानं पुसली,
झाकण उघडून एकच सूर दाबला, कसा लागतो बघायला.
लागला. जरा बसका.

आज शुक्रवार.
उद्या शनिवार, कचेऱ्या बंद.
रविवारी साडेसातला खिडकी उघडते.
मी कागद घेऊन उभी राहीन.