पाणी देताना

ह्यांच्या डोळ्यांत दूध उतरलं तेव्हा ऐरण काही अडली नाही.
घणाला डोळे लागत नाहीत.
ट्रकचा जुना कमानपाटा,
सावळजच्या नाक्यावरून किलोवर आणलेला,
पुरता तापला की चुंबकाला ओळख देत नाही,
मग ऑइलात. चर्र.
वर कानस फिरवायची,
घसरली म्हणजे कडकपण बसलं.
इथवर हे एकटे.

पुढचं माझ्याकडं.
कडक पातं काचेच्या जातीचं, फरशीवर पडलं तर दोन.
त्याला जरा निववावं लागतं.
तव्यात वाळू, वाळूत पाठ, धार वर,
आणि दारापाशी उजेडाला बसायचं.
घासून लख्ख केलेल्या पोलादावर
पाठीकडून रंग चालत येतो.

"काय आलं?"
"कडबा."
"ह्या सालचा?"
"गेल्या सालचा. पाऊस लागलेला."
"थांब."
"हळद."
"राजापुरी का?"
"आता बेदाणा—"
"बुडव बुडव बुडव!"

एकदा उंबऱ्यात कुणी आलं, मी मान वळवली,
तेवढ्यात वांगं झालं.
त्या पात्यावर मी रोज कांदा चिरते
आणि बोलत नाही.

अशी चार वर्षं.
भाद्रपदात द्राक्षाची कलमं करणारी टोळी यायची,
इरगोंडा एकदम पंधरा चाकू सांगायचा.
एका अंगानं धार, बाभळीची मूठ, पितळेचे दोन रिव्हिट,
अंगठा टेकायला खाच.
खाच मी काढायची, माझ्याच अंगठ्याच्या मापानं.
म्हणून असेल,
टोळीतल्या बायकांच्या हाताला हा चाकू बसतो
आणि इरगोंडा दर साली म्हणतो, लहान झाला.

यंदा मिरजेला दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली, महिनाभर थेंब,
मग हे येऊन बसले दारापाशी, माझ्या जागेवर.
मी वाळू तापवली.
रंग निघाला.
"कडबा," मी सवयीनं.
हे गप्प.
"हा कडबा?"
"मग?"
"ही हळद आहे गं. कधीची."
आणि माझी हळद ह्यांना बेदाणा,
माझ्या बेदाण्याला तर ह्यांना नावच सापडेना.
दोघं भांडत बसलो, पातं तसंच राहिलं,
निळं झालं, मोराच्या मानेचं.

"म्हणजे चार वर्षं नरम माल गेला माझ्या नावावर."
"एक तरी परत आला?"

हे उठले. चहा घेतला नाही.
कुरुंदाच्या दगडावर उगाच पाणी मारलं, पुसलं.
गेल्या सालचा एक चाकू खुंटीला होता,
तो काढून मनगटावर फिरवला,
केस गेले. परत फिरवला. केसच नव्हते तिथं.

मग दुसरं पातं माझ्या हातात दिलं
आणि भात्याच्या बाजूला बसले,
पाठ करून,
रस्त्याकडं तोंड, डोळे चांगले उघडे.

"काय आलं?"

मी लगेच सांगितलं नाही.